पावतीच्या मागच्या बाजूला

दुलुथमध्ये फेब्रुवारी म्हणजे
सरोवर गोठलेलं, रस्ता मिठाने पांढरा,
आणि आमच्या औषधांच्या दुकानात
खोकल्याच्या बाटल्यांपाशी रांग.

ती आली तेव्हा फोन कानाशी होता,
लोकरीच्या टोपीत खोचलेला,
जखमेवर पट्टी बांधावी तसा.
गिफ्ट कार्डांच्या फिरत्या स्टँडवरून
तिने पाच उचलली. प्रत्येकी दोनशेची.

भेट घेणारं माणूस असं घेत नाही.
ते घुटमळतं, फुगे की केक
असं चित्र बघतं.
ही मोजत होती.

अकरा वर्षं या काउंटरवर काढलीत मी.
वाढदिवस मला लांबून ओळखू येतो.
भीतीही येते.

गेल्या वसंतात एक मुलगा आला होता,
पोहण्याच्या संघाचं जॅकेट, केस ओले,
हातात दोन हजारांची कार्डं.
मागे रांग होती. माझे पाय दुखत होते.
मी विचारलं, "पिशवी हवी?"
एवढंच विचारलं.
दुसऱ्या दिवशी तो परत आला,
खरवडलेली कार्डं पत्त्यांसारखी पसरून म्हणाला,
"ही परत घेता का?"
त्याचं नाव मला माहीत नाही.
पावतीवर नाव छापत नाहीत.

तर ही मुलगी.
तिच्या टोपीतला आवाज मला इथवर ऐकू येत होता,
शांत, सरकारी.
फोन ठेवायचा नाही. कुणाशी बोलायचं नाही.
मला कर खात्याने आजवर इतका वेळ
कधीच दिलेला नाही.
मी फोन केला की तासभर तेच ते संगीत,
आणि मार्चमधल्या चुकीचं पत्र जुलैत.

बोलायची सोय नव्हती.
पावतीचा कागद फाडला, मागे लिहिलं:
"कर?"
तिने मान हलवली.
"विद्यार्थ्यांवरचा?"
पुन्हा मान. आता डोळेही भरलेले.
लिहिलं, "असा कर नसतो.
सरकार कार्डं मागत नाही. ठेव फोन."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं.
"अटक होईल. त्यांना कॉलेज माहीत आहे,
आईचं नावसुद्धा."
मी लिहिलं, "माझ्या आईचं तर
दगडावर कोरलंय, टेकडीवरच्या दफनभूमीत.
कुणीही वाचावं."

हे लिहायला नको होतं कदाचित.
पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.
रांगेतला एक गृहस्थ मुद्दाम खोकला.
"थांबा," मी म्हणाले,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तिने लाल बटण दाबलं.
फोन लगेच वाजला. परत वाजला. परत.
आम्ही दोघी बघत राहिलो.
थरथरत, सरकत तो
च्युइंगमच्या डब्याला जाऊन टेकला
आणि गप्प झाला.

पाकू. पाकू यांग. नर्सिंगचं पहिलं वर्ष.
सकाळी दुसऱ्या दुकानात तीनशे गेलेच होते,
हे तिने नंतर सांगितलं.
ते माझ्या हातात नव्हते.
म्हटलं, ती पावती जप, कार्ड फेकू नकोस,
त्याच्या मागे नंबर आहे, आत्ताच कर,
मग बँक, मग कॉलेजचं ऑफिस, मग आई.

"आई नको."
आई रात्रपाळीला टर्की सोलते, सेंट पॉलच्या पलीकडे.
"तिचे तीन दिवस होते ते," पाकू म्हणाली.
"तिला वाटेल, एवढं शिकून मूर्खच राहिली."

मग मी तिला ओल्या केसांच्या मुलाचं सांगितलं.
मूर्ख कोण होतं तेही.
तिने काही उत्तर दिलं नाही.
पाचही कार्डं उचलली,
स्टँडवर जिथली तिथे लावून आली,
एक एक, फुग्यांजवळ फुगे.

आता ड्यूटीवर आले की आधी
कोऱ्या कागदाचे चार तुकडे फाडून ठेवते.
पेन दोरीला बांधलंय.
कुणी जॅकेट घालून आत आलं
की केस बघते.
पिशवीचं मी शेवटी विचारते.